वाटणीत न आलेला दात

सिबीनं भातात आणखी थोडं गरम पाणी घातलं, पळीनं चांगलं घोटलं आणि ताटली जूनोपुढं सरकवली.

"उजव्या बाजूनं खा. डावीकडं जीभसुद्धा न्यायची नाही."

"आजी, आठ दिवस ही पेजच खातेय मी. निखाऱ्यातलं एक रताळं दे ना."

"रताळं दात पडल्यावर."

"पण तूच तो पडू देत नाहीस!"

"आज आजी म्हणालीस, एक धपाटा माफ. दुसरा माफ होणार नाही. काय म्हणायचं?"

जूनो ताटलीत बघत पुटपुटली, "आई."

"मोठ्यानं."

"आई!"

"हं. आणि तोंडात भात असताना ओरडायचं नाही."

जूनोच्या खालच्या जबड्यात, डावीकडं, दुधाचा एक शेवटचा दात उरला होता. कातड्याच्या एका धाग्यावर लोंबकळत होता म्हणा ना. तिच्या बरोबरीच्या पोरींचे सगळे दात केव्हाच पडून नवे आले होते. ही मात्र सगळ्यातच मागं. चणीनं लहान, हाडानं बारीक, आणि दात पाडायलाही हिला कधी घाई नव्हती. एरवी सिबीनं दोरा बांधून तो कधीच उपटला असता. गेले आठ दिवस मात्र घरात एखादी काचेची वस्तू सांभाळावी तसा त्या दाताचा सांभाळ चालला होता.

तेवढ्यात दार वाजलं.

झोपड्यांच्या त्या ओळीत दार कुणी वाजवत नसे. शेजारीण आली तर बाहेरूनच हाक मारायची, पोरं तर हाकही न मारता घुसायची. दार वाजलं म्हणजे मुकादमाची काठी. सिबीनं हात पुसले आणि कडी काढली. दारात क्वॉश उभा होता. तो या ओळीतलाच, गुलामांमधून नेमलेला मुकादम.

"सिबीमावशी, पंच आलेत. होडी लागली धक्क्याला. सगळ्यांनी मोठ्या घरापुढं जमायचंय. तान्ही, म्हातारी, आजारी, सगळी."

"आजारीसुद्धा?"

"आजारीसुद्धा वाटायचेत." क्वॉशनं आत डोकावून जूनोकडं पाहिलं. "आहे का?"

"आहे."

"टिकेल?"

"इथं माणसं टिकत नाहीत बाबा, तू दाताचं काय विचारतोस! तुझा बेन?"

क्वॉशनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "चौदाचा झालाय, मावशी. मिसरूड फुटतंय. त्याचा कुठला दात दाखवू मी?"

सिबीनं चुलीतलं एक रताळं राख झटकून त्याच्या हातावर ठेवलं. जूनो डोळे मोठे करून बघत राहिली.

साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याला, भरतीच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या त्या मळ्याचं नाव हेरन बेंड. साल १८४३, महिना जानेवारी. मळ्याचे मालक दुव्हालसाहेब वसंतातच तापानं गेले होते, पण त्या मुलखाची रीत अशी की पीक घरात येईपर्यंत मेलेल्याची माणसं हलवायची नाहीत. पेरलं त्यांनीच कापायचं, झोडायचं, उखळात कांडायचं. मग नवं वर्ष लागलं की वाटणी. म्हणजे मालक मेल्यावरही नऊ महिने शंभरेक माणसं त्यांच्यासाठी राबली, आणि कोण कुठं जाणार हे उखळातला भात कांडता कांडता एकमेकांना विचारत राहिली.

वारस तिघे. थोरले रॉबर्टसाहेब मळ्यावरच राहणार. मधल्या लुईझाबाई लग्न होऊन चार्ल्स्टन शहरात. धाकट्या एडविनसाहेबांनी दूर अलाबामात कापसाची जमीन घेतलेली. तिथं गेलेलं माणूस परत आल्याचं ओळीतल्या कुणी ऐकलं नव्हतं. कोर्टानं नेमलेले तीन पंच प्रत्येक माणसाची किंमत लावणार, सारख्या किमतीचे तीन वाटे करणार, वाट्यांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकणार आणि वारस एकेक उचलणार. कुणावर अन्याय नको, म्हणून. अन्याय म्हणजे अर्थात वारसांवर.

मृत्युपत्रात म्हाताऱ्या मालकांनी एक कलम मात्र आवर्जून घातलं होतं. दहा वर्षांखालच्या मुलाला आईपासून वेगळं करू नये. दहा वर्षं आणि वर एक दिवस झाला की आईची माया आटते, असा त्या घराण्याचा अनुभव असावा. जेवणघरात वाढणाऱ्यांनी हे कलम ऐकलं आणि ताटं धुवून होईपर्यंत ते ओळीच्या शेवटच्या झोपडीपर्यंत पोचलं. त्या दिवसापासून सिबी विचार करत होती.

कारण जूनो तिची मुलगी नव्हती, नात होती. आणि दहाची तर मुळीच नव्हती. बारा पुरी व्हायला महिनाच राहिला होता.

सिबीचा जन्म हेरन बेंडचाच. तिची आई समुद्रापलीकडच्या भातमुलखातून जहाजात घालून आणलेली. आईकडून सिबीला दोन विद्या मिळाल्या. टाचेनं खळी करून तिच्यात भाताचं बी दडपायची, आणि अडलेलं बाळ पोटातल्या पोटात फिरवून बाहेर घ्यायची. वयाच्या विसाव्या वर्षापासून ती सुईण. ओळीतल्या प्रत्येक बाळंतपणामागे तिनं आपल्या झोपडीच्या भिंतीलगत एक शिंपला रोवला होता. जगलं त्याचा उताणा, गेलं त्याचा पालथा. झोपडीला तीन बाजूंनी शिंपल्यांची किनार झाली होती आणि चौथीही अर्धी भरली होती. मोठ्या घरातली बाळंतपणंही तिच्याच हातची, पण त्यांचे शिंपले तिनं लावले नाहीत. त्यांची नोंद करायला त्यांच्याकडं घराण्याचं बायबल होतं, पहिल्या पानावर जन्ममृत्यू लिहायचं.

या मळ्याची ही काही पहिली वाटणी नव्हती. तेहतीस वर्षांपूर्वी दुव्हालसाहेबांचे वडील वारले, तेव्हा याच अंगणात सिबी उभी होती, चोवीस वर्षांची. कॅटो नऊ वर्षांचा आणि टायटस सात वर्षांचा, दोन्ही मुलगे मालकांच्या भावाच्या वाट्याला गेले. सिबीनं तोंड उघडलं होतं. पण शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आईनं तिचा दंड असा चिमटला की आवाज घशातच राहिला. आई कानात म्हणाली, "बोललीस तर मार खाशील, आणि पोरं जायची ती जातीलच." आईचं चुकलं नव्हतं. तरीही कॅटो-टायटस गाडीत बसून मागं बघत होते आणि आपण तोंड मिटून उभ्या होतो, एवढंच सिबीच्या लक्षात राहिलं. दंडावरचा काळानिळा डाग आठ दिवसांत गेला. टायटसला पुढं तिनं एकदा लांबून पाहिलं. कॅटोला कधीच नाही.

या खेपेला सिबी गप्प बसणार नव्हती. पण नुसतं बोलून भागत नाही, बोलायला आधार लागतो. तो आधार तिला मालकांच्याच वहीत सापडला.

दर हिवाळ्यात मळ्यावर जाडंभरडं लोकरी कापड वाटलं जाई. कारकून वही उघडून बायकांची नावं पुकारायचा, कुणाला किती मुलं ते वाचायचा, त्याप्रमाणे कापड मोजून द्यायचा. मुलांच्या जन्माची वेगळी नोंद कुणी ठेवत नसे. कापड नेणारी ती आई आणि वहीत नाव चढलं तो जन्म, अशी समजूत. ॲफी, म्हणजे सिबीची लेक आणि जूनोची आई, बाळंतपणात गेली. जूनोला मोली नावाच्या शेजारणीनं आपल्या बाळाबरोबर दूध पाजलं आणि दोन हिवाळे जूनोचं कापड मोलीच्या नावावर निघालं. तिसऱ्या हिवाळ्यात पोर सिबीकडं राहायला आली, तेव्हा नव्यानंच आलेल्या कारकुनानं पुकारलं, "सिबी, मूल एक, जूनो." सिबी चूक सांगायला पुढं झाली. मग का कोण जाणे, तिनं कापड उचललं, काखेत मारलं आणि परत फिरली. तेव्हापासून दर हिवाळ्यात ती ही चूक कान देऊन ऐकत आली होती. मालकांच्या शाईनं जूनो तिची मुलगी होती, आणि तीही नऊ वर्षांची.

अंगणात सगळे ओळीनं उभे होते. व्हरांड्यात टेबल मांडलेलं. पंचांत ज्येष्ठ गेलार्डसाहेब, शेजारच्या मळ्याचे मालक. बाजूच्या खुर्च्यांवर तिघे वारस. लुईझाबाई काळ्या कपड्यांत, हातात रुमाल. कारकून नाव वाचायचा, माणूस पुढं यायचं, पंच दंड दाबून बघायचे, तोंड उघडायला लावायचे, आपसात बोलायचे आणि आकडा लिहायचे. क्वॉशच्या बेनची वेळ आली तेव्हा एडविनसाहेब खुर्चीतून पुढं झुकले. क्वॉश समोर बघत उभा राहिला. त्याच्या काठीचं टोक मात्र जमिनीत रुतत चाललं होतं.

"सिबी, सुईण," कारकुनानं वाचलं.

गेलार्डसाहेबांनी तिच्याकडं वर पाहिलंसुद्धा नाही. "म्हातारी. शून्य लिहा. म्हातारे तिन्ही वाट्यांत सारखे टाकायचे, विसरू नका."

"साहेब," सिबी म्हणाली, "या अंगणात सकाळपासून तुम्ही ज्यांच्या किमती लावल्या, त्यातली निम्म्याहून जास्त माझ्या या दोन हातांत जन्मली. माल एवढा महाग, आणि हात शून्य?"

ओळीत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. गेलार्डसाहेबांनी आता मान वर केली. "जिभेची किंमत लावायची असती तर तू महाग पडली असतीस. चल, हो बाजूला."

"बाजूला कशी होऊ? माझी मुलगी राहिली."

कारकुनानं बोट फिरवलं. "आहे साहेब. सिबी, मूल एक, जूनो. नववं वर्ष."

"मुलगी?" गेलार्डसाहेबांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "तुझं वय काय?"

"सत्तावन्न, साहेब."

"म्हणजे अठ्ठेचाळीसाव्या वर्षी तुला मूल झालं?"

"साहेब, तुम्ही भातवाले. कापणी झाल्यावर धसकटाला पुन्हा फुटवा येतो की नाही? त्या खोडव्याला दाणा थोडा लागतो, पण लागतो. त्याला तुम्ही भात म्हणत नाही का?"

आता पंचांतला एक जण मोठ्यानं हसला. गेलार्डसाहेब हसले नाहीत. त्यांनी क्वॉशला बोलावलं. "मुकादम, ही हिची मुलगी का?"

अंगणात उभं असलेलं प्रत्येक माणूस खरं जाणून होतं, आणि क्वॉशचा चौदा वर्षांचा बेन नुकताच बापापासून सुटा लिहिला गेला होता. माणसाच्या मनात अशा वेळी काय येईल सांगता येत नाही. क्वॉश सावकाश म्हणाला, "साहेब, सिबीला या पोरीला पाठीशी बांधून शेतात नेताना मी पाहिलंय. गोवर झाला तेव्हा सात दिवस मांडीवर घेऊन बसलेली पाहिलंय. आई अजून काय करते ते मला ठाऊक नाही."

"पोरीला पुढं आणा."

जूनो आली. गेलार्डसाहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही बाई कोण गं तुझी?"

जूनोनं सिबीकडं बघितलं, धपाटा आठवला असावा, आणि ती इतक्या मोठ्यानं "आई!" म्हणाली की धक्क्यावरचे बगळे उडाले.

"बहिरा नाही मी. तोंड उघड." साहेबांनी बोट आत घातलं, जबडा चाचपला, आणि एकदम हात मागं घेतला. त्यांच्या बोटांत दात होता. इवलासा, मुळं झिजलेला, बुडाशी रक्ताचा ठिपका लागलेला. कुणाही आईनं ओळखावा असा दुधाचा दात. साहेबांनी तोंड वाकडं केलं. "ठीक आहे. नऊ लिहा. कलम लागू. दोघी एका वाट्यात."

ते दात झुडपात फेकणार, तेवढ्यात सिबीनं हात पसरला. "साहेब, दात द्या."

"काय करायचाय?"

"या अंगणात जे जे आहे ते मालकांचं. बैल, उखळं, आम्ही. दात तुम्ही लिहिला नाहीत. तो आमचा आहे."

साहेबांनी दात तिच्या तळव्यावर टाकला.

हे सगळं पुढं जूनोनंच आपल्या लेकींना सांगितलं, सुपात भात पाखडत. सांगताना ती सिबीला कधी आजी म्हणाली नाही. त्या दिवशी जिभेला जी सवय लागली ती जन्मभर राहिली.

पण त्या सकाळी काम अजून संपलं नव्हतं. लुईझाबाई खुर्चीतून उठल्या होत्या. जूनो जन्मली तेव्हा रॉबर्टसाहेब परगावी होते, एडविनसाहेब शाळेत. ॲफी कुणाची आणि जूनो कुणाची, हे त्या घरात एकट्या लुईझाबाईंना नेमकं ठाऊक होतं. ॲफी त्यांचीच दासी होती. त्या पंचांना म्हणाल्या, "चिठ्ठ्या लिहायला घ्या, मी आलेच," आणि सिबीला मागं यायची खूण करून कोठीच्या खोलीत गेल्या.

दार लावल्याबरोबर त्या म्हणाल्या, "सिबी, ती ॲफीची पोर आहे."

"हो."

"तू साफ खोटं बोललीस. भर अंगणात!"

"मी फक्त बोलले, बाईसाहेब. लिहिलं तुमच्या वडिलांच्या वहीनं."

"मी आत्ता बाहेर जाऊन सांगितलं तर?"

"तर दोघींच्या दोन चिठ्ठ्या होतील."

लुईझाबाई तांदळाच्या पिंपाच्या कडेला टेकल्या. "तुला वाटतं मी वाईटासाठी म्हणते? जूनोला मी चार्ल्स्टनला नेणार होते. ती कुणाच्याही वाट्यात गेली तरी मी अदलाबदल करून घेतली असती. चिखलात उभं राहायला नको, पाऊल ओलं व्हायला नको. शिवण शिकेल, केस विंचरायला शिकेल. ॲफीची बोटं आहेत तिला. पण बरोबर तू आलीस तर माझे यजमान म्हातारं माणूस घरात घेणार नाहीत. मग तुम्ही दोघी एडविनच्या चिठ्ठीत निघालात तर? अलाबामा! या वयात! तू पोरीचं नुकसान करते आहेस."

"ॲफीलाही तुम्ही असंच नेलं होतंत. चांगल्यासाठी."

"सिबी..."

"नवव्या महिन्यात होती. मी याच खोलीत तुमच्यापुढं हात जोडले होते. तुम्ही म्हणालात, चार्ल्स्टनला घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा आहे, नाचाला जायचंय, केस ॲफीशिवाय कुणाला जमत नाहीत. परत येताना वारा उलटा होता. होडीतच कळा सुरू झाल्या. मी धक्क्यावर वाट बघत होते. भाताच्या पोत्यांवर आडवी केली तिला. दुपारपर्यंत शिंपला पालथा घातला मी. आईचा घालायची रीत नाही, तरी घातला."

लुईझाबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. "मला ठाऊक होतं का असं होईल? मी एकोणीस वर्षांची होते! किती रडले मी तिच्यासाठी. तुझ्याच मांडीवर रडले."

"रडलात. आणि मी तुमचे डोळे पुसले, कारण तेव्हा तेच माझं काम होतं. आज मात्र पुसणार नाही. आज मला सवड नाही."

अंगणातून गेलार्डसाहेबांचा आवाज आला. कुणाची तरी टोपी मागत होते. लुईझाबाई दाराकडं गेल्या आणि कडीवर हात ठेवून थांबल्या.

"आणि अलाबामा निघालं तर?"

"तर दोघी चालत जाऊ. पोरीला चिखलात कसं उभं राहायचं ते मी शिकवीन. तिथंही बाया बाळंत होत असतील, शिंपले नसतील तर गोटे लावीन. पण गाडीत बसून ती मागं बघणार नाही. मी तिच्या शेजारी असेन."

"तुला भीती नाही वाटत? मी काय करीन याची?"

"भीती तेहतीस वर्षांपूर्वीच वापरून संपवली, बाईसाहेब. तेव्हा मी या अंगणात गप्प उभी राहिले आणि माझे दोन मुलगे गेले." सिबीनं मूठ उघडून दात पाहिला, पुन्हा मिटली. "तुमच्याकडं मी आजवर काही मागितलं नाही. ॲफीला नेऊ नका म्हणाले होते, ती विनवणी होती. हे मागणं आहे, आणि लहान आहे. टोपीतल्या चिठ्ठ्या उचलून होईपर्यंत, आज तुम्ही गप्प बसा."